मामांची सतरा कलमं

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्याच्या यजमानांमुळे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून ते माझे मामा. उभ्या मुळशी तालुक्यात मामांइतका सावध माणूस झाला नाही, आणि मामांइतकं भात रानडुकरांनी दुसऱ्या कुणाचं खाल्लं नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीनं करतो, कारण पहिल्यामुळेच दुसरं घडलेलं आहे. रिहे गावच्या ओढ्याकाठी त्यांची दीड एकर भातखाचरं आहेत, आणि त्या खाचरांच्या राखणीसाठी त्यांच्या वडलांपासून चालत आलेली, रीतसर परवान्याची एक ठासणीची बंदूक आहे. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा ठेवून लोखंडी गजानं ठासायचं, आणि अगदी शेवटी मागं एक इवलीशी तांब्याची टोपी बसवायची. मामा तिच्यात छर्रा कधीच घालत नाहीत. मोठा आवाज काढायचा आणि डुकरं पळवून लावायची, एवढंच तिचं काम. पण त्या एका आवाजाआधी मामांची सतरा कलमांची तपासणी चाले, आणि सतरावं कलम येईपर्यंत डुकरं पोटभर जेवून, वाटलं तर थोडा आराम करून, डोंगरात परत गेलेली असत. यंदा बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं, आणि ती बंदूक मामांकडे राहावी की नाही हे ठरवायचं काम ध्यानीमनी नसताना माझ्या अंगावर आलं. ते कसं आलं ते सांगायचं तर आधी मामा सांगायला हवेत.

बारावीनंतर मी रिह्याला आलो. आमचं गाव लहान, आठवडे बाजाराचं. वडील तिथं लॉंड्रीत इस्त्री करायचे आणि आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजात नाव लागलं, पण राहायचं कुठं हा प्रश्न होता. मामा आमच्या घरी आले, दारातच उभं राहून विजेच्या मीटरची उघडी वायर त्यांनी पाच मिनिटं पाहिली, आणि मग वडलांना म्हणाले, "पोरगं माझ्याकडं राहूद्या. हितं राहिलं तर आधी ह्या वायरीनं मरंल." असा माझ्या उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला. मामांनी मला एक खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि बदल्यात एकच अट घातली: बंदूक भरायच्या वेळी समोर बसून यादी वाचायची. मामा स्वतः चौथी शिकलेले. यादी त्यांनी कुणा गुरुजींकडून लिहून घेतलेली होती आणि तिची पानं तेलकट झालेली होती. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती दोनशेपानी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवली. आयुष्यात मी केलेलं ते पहिलं कार्यालयीन काम.

तपासणीची रीत अशी. मी कलम वाचायचं, मामांनी ते करायचं, मी डोळ्यांनी पाहायचं आणि मगच वहीत खूण करायची. पहिलं कलम, घरातला विस्तव विझलेला. याचा अर्थ आत्याची चूल, गॅस, देवाजवळची समई, उदबत्ती, सगळं बंद. दुसरं कलम, उजेड. दिवस असतानाच बंदूक भरायची, दिव्याखाली नाही. पुढच्या एका कलमानं नायलॉनची साडी नेसलेल्या बाईला त्या खोलीत येण्याची बंदी होती, कारण तिच्यातून ठिणगी उडते असं मामांनी कुठंतरी ऐकलेलं होतं. आत्याकडे साड्या होत्या त्या बहुतेक नायलॉनच्याच. ती उंबऱ्याच्या बाहेरूनच विचारायची, "लग्नात ह्याच साडीत बगलेला बसून हार घातला, तवा न्हाई उडाली ठिणगी?" मामा वर न बघता म्हणायचे, "तवा दारू नव्हती शेजारी." "व्हय, भटजी होता," आत्या म्हणायची, "त्यो बरा, लवकर उरकायचा. डुकरं जेवून हात धुऊन गेली आसतील आता. चूल पेटवू का, का त्यांच्या मागनं पानसुपारी बी पाठवायची हाय?" यावर मामा मला म्हणत, "खंड पडला. पुन्यांदा एकपासनं." कारण सगळ्या कलमांच्या वर, लाल शाईत, एक मोठं कलम होतं: मध्ये कुणी बोललं, कुणी आलं, शिंक आली, तरी पुन्हा एक नंबरपासून सुरुवात. आत्याला हे माहीत असल्यामुळे ती खरं तर गप्प बसायची. पण माणसाच्या गप्प बसण्यालाही मर्यादा असते. कॉलेजच्या तीन वर्षांत मी रात्रीचं जेवण गरम असं फार थोड्या वेळा जेवलो, आणि पहिली पाच कलमं मला माझ्या विषयाच्या पुस्तकांपेक्षा जास्त पाठ झाली.

मामांची सावधगिरी बंदुकीपुरती असती तर गावानं ती सोसली असती. पण "नळी कुटं बघतीया?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. छत्री काखेत मारून चाललेल्या माणसाला विचारत, औषधाचा पंप पाठीवर घेतलेल्या गड्याला विचारत, ग्रामसभेत बोट रोखून बोलणाऱ्या सदस्याला तर हमखास विचारत. एकदा एका लग्नात त्यांनी फटाक्यांची माळ मांडवापासून, मांडव डिझेलच्या जनित्रापासून आणि जनित्र वऱ्हाडाच्या गाड्यांपासून लांब हलवायला लावलं, आणि या हलवाहलवीत मुहूर्त टळला. नवरीचे वडील चिडले तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "मुहूर्त फिरून यील. जावई फिरून येत न्हाई." त्या जोडप्याचा संसार पुढे सुखाचा झाला, आणि याचं श्रेय मामा आजही स्वतःकडे घेतात.

निवडणुका लागल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामा बंदूक जमा करत, पण ती ठेवली कशी आहे हे बघायला दर दोन दिवसांनी ठाण्यात जात. कोपऱ्यात उभी केलेली बंदूक पाहून त्यांनी तिथल्या हवालदारांना विचारलं, "साहेब, ही पडली तर नळी कुणाकडं बघंल?" हवालदार म्हणाले, "काका, ती रिकामी आहे." मामा म्हणाले, "तुमी बघितलंय का मी सांगितलंय म्हनून?" हवालदारांनी तिसऱ्या भेटीनंतर बंदूक आडवी ठेवली. पाचव्या भेटीनंतर त्यांनी मामांना बघितलं की चहा सांगायला सुरुवात केली, म्हणजे तेवढा वेळ तरी प्रश्न थांबत. आचारसंहिता डुकरांना लागू नसल्यामुळे त्या हंगामांत त्यांची चैन व्हायची. मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर बंदूक घरी असताना त्यांची जी चैन व्हायची, तिच्यात आणि या चैनीत फारसा फरक नव्हता.

मामांच्या खाचरांना लागून एका शेठनी जमीन घेतली आहे. प्लॉट पाडून शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारचे बंगले बांधून देणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असतं, आणि सदरा असा शिवलेला असतो की ते सर्वांना दिसावं. पहिल्याच भेटीत त्यांनी ते मामांना दाखवलं. "मामा, हे बघा. नवीन घेतलंय. परवाना हाय बरं का." मामांनी हात मागं बांधले. "भरल्यालं हाय?" शेठ हसले. "आता ते कुठं लक्षात राहतंय? असंल." मामा दोन पावलं बाजूला सरकले आणि म्हणाले, "शेठ, हितनं दिसतंय म्हनून सांगतो. त्ये आत्ता तुमच्याच मांडीकडं बघतंय." तेव्हापासून शेठ मामांसमोर जरा फेंगडे चालतात. बाकी त्यांच्या बंगल्यांवर सुट्टीच्या दिवशी जे ढणाढणा संगीत वाजतं त्यानं खोऱ्यातली डुकरं आवाजाला इतकी सरावली आहेत की मामांचा बार ऐकून ती फक्त मान वर करतात. हे मामांच्या लक्षात आलेलं नाही असं नाही. "बार डुकरासाठी न्हाई," ते मला एकदा म्हणाले. "रोज एक काम नीट व्हाया पायजे, मग रात्री झोप लागती."

माझ्या पदवीदानाला मामा आले होते. सभागृहात शिरल्याबरोबर त्यांनी बाहेर पडायचे दरवाजे मोजले, त्यातला एक कुलूपबंद सापडला, आणि तो उघडून घेण्यात त्यांचा अर्धा समारंभ गेला. माझं नाव पुकारायच्या जरा आधी ते खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि कानात म्हणाले, "स्टेजची तिसरी फळी हालतीया. डाव्या अंगानं जा." मी डाव्या अंगानं गेलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर प्रमाणपत्र घेताना पायांकडे बघतो आहे, असा फोटो आज वडलांच्या लॉंड्रीत लावलेला आहे.

पुढं मी औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. मुलाखतीत मला विचारलं, यंत्र सुरू करण्यापूर्वी तुम्ही काय कराल? मी मामांची कलमं बंदुकीऐवजी यंत्राचं नाव घालून घडाघडा म्हणून दाखवली. समोरचे साहेब प्रभावित झाले. नोकरी लागल्यावर मात्र मला कळलं की त्यांना कलमं म्हणून दाखवणारा माणूस हवा होता, करणारा नको होता. आमच्याकडे सुरक्षेची यादी एकशे चाळीस कलमांची आहे आणि ती रंगीत छापलेली आहे. सगळ्या कलमांसमोर "योग्य" हा शब्द आधीच छापलेला असतो, आपण फक्त खाली सही करायची. आठवड्याच्या सगळ्या सह्या सोमवारी सकाळी होतात, म्हणजे शुक्रवारी यंत्रं सुरक्षित असणार आहेत हे आम्हाला सोमवारीच ठाऊक असतं. हेल्मेटं आहेत; ती सुरक्षा सप्ताहात फोटोसाठी बाहेर काढतात आणि पुन्हा मोजून आत ठेवतात. मी सुरुवातीला एकदोनदा जागेवर जाऊन पाहण्याचा प्रयत्न केला. "अरे, तू फार शिकलेला दिसतोस," असं साहेब म्हणाले. त्यानंतर मी सही करू लागलो. पगार वेळेवर येतो. मामांना मी हे कधी सांगितलं नाही.

यंदा आश्विनात, भात पोटरीत, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आलेलं असताना, एका रविवारी मी रिह्याला गेलो. दुपारचे चार वाजले होते. मामा पंचाहत्तरीला टेकलेत, तरी वही आणि चष्मा घेऊन ओसरीवर तयार बसले होते. मी नसलो की आत्या आतूनच तोंडपाठ कलमं ओरडते, तिला वाचता येत नाही. म्हणून मी आलो की मामांना बरं वाटतं. मी वाचायला लागलो. अकरापर्यंत सगळं नीट झालं. दारूची वजन केलेली पुडी आत गेली, बोळा गेला, गजानं ठासून झालं. तेवढ्यात शेठची जीप अंगणात आली.

"मामा, खाचरं कधी देताय? वरच्या अंगाला गिऱ्हाईक तयार हाय बघा. डुकरं राखत बसायचं वय हाय का तुमचं?"

"माजं वय डुकरं विचारत न्हाईत," मामा म्हणाले. "तुमीच विचारताय."

अर्धा तास ते बोलत बसले. चहा झाला. शेठ गेले तरी मामांच्या कपाळावरची आठी गेली नाही. "वय काढतंय माजं," असं पुटपुटत ते पुन्हा ओसरीवर बसले. खंड पडला होता, म्हणून नियमाप्रमाणे एकपासून सुरुवात. "एक. विस्तव?" "विझल्याला." दोन, तीन, चार. "पाच. नळी रिकामी?" हे कलम गज टाकून बघायचं असतं. गजाला दोन दोरे बांधलेले आहेत: नळी रिकामी असेल तर लाल दोरा तोंडाशी येतो, एक बार भरलेला असेल तर हिरवा. मामा जीप गेली त्या वाटेकडे बघत होते. "रिकामी," ते म्हणाले. आणि मी, सुरक्षा अधिकारी, खाली मान घालून वहीत खूण केली.

अकरापर्यंत पुन्हा सगळं झालं. "बारा," मी वाचलं. "हिरवा दोरा तोंडाशी?" उत्तर आलं नाही. मी वर पाहिलं. हिरवा दोरा नळीच्या तोंडाच्या चार बोटं वर होता.

मामांनी गज हळूच काढला, पुन्हा टाकला, पुन्हा पाहिलं. मग नळी बांधाकडे करून बंदूक आडवी ठेवली आणि लांब सरकून बसले. "दोन बार हायेत आत," ते म्हणाले. दोन बारांनी ती जुनी नळी फुटली असती आणि समोर कोण होतं ते सांगायला नको. टोपी मात्र शेवटच्या कलमाची, ती अजून डबीतच होती. मामांनी नळीत पाणी ओतलं. पुढं आठवड्यात शहरातल्या परवान्याच्या कारागिराकडून ती रिकामी करून आणली. पण त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "अगं, चूल पेटव. आज बार न्हाई." इतकी वर्षं या वाक्याची वाट बघितलेली आत्या दारात आली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि चूल न पेटवता उंबऱ्यावर बसली, नायलॉनच्या साडीत. कुणी तिला हटकलं नाही.

मी म्हणालो, "मामा, टोपी लावली नव्हती. तसं काही झालेलं नाही. वहीत लिहायलाच पाहिजे का?"

मामांनी चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या कंपनीत आसंच करत्यात व्हय?"

मी वही मिटली. त्यांनी वही ओढून घेतली आणि चौथीच्या अक्षरात, एकेक काना-मात्रा जुळवत, स्वतः लिहिलं: नळी बघितली न्हाई. दोनदा भरली. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "परवान्याचा कागुद म्हैन्याभरात द्यायचा हाय. आता मी बंदुकीला लायक हाय का न्हाई, त्ये तू लिव्हून दे."

"मी कोण मामा लिहिणारा?"

"सेफ्टीचा साहेब न्हवं तू? खोऱ्यात दुसरा कोन हाय? शेठला इचारू?"

"मग आत्ता तोंडानं सांगतो की."

"तोंडी नगं. तोंडावर तू माज्याकडं बघून खोटं बोलशील. लिव्हताना मानूस जरा थांबतो. पोस्टानं धाड. तू लिव्हशील तसं करीन."

निघताना आत्या फाटकापर्यंत आली. गाडीला किक मारू देईना. "जरा सांभाळून लिव्ह रं बाबा," ती म्हणाली. "बंदूक गेली तर ह्ये दिसभर करतील काय? माज्या फोडणीची तपासनी करतील." ती हसली, पण हँडलवरचा हात काही काढेना.

आठ दिवस मी कागद घेऊन बसत होतो. शेवटी पाठवलं ते पत्र असं:

ती. मामांस, साष्टांग नमस्कार.

तुम्ही मागितलेला अहवाल लिहीत आहे. हा चौथा कागद आहे. पहिल्या तिन्हींवर मी तुम्हाला लायक ठरवलं होतं आणि तिन्ही फाडले.

तुमचे डोळे चष्म्यासह चांगले आहेत. कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. कलमं तुम्हाला पाठ आहेत, आणि मला वाटतं तीच अडचण झाली आहे. हातानं करायच्या आधीच उत्तर तोंडातून येतं. पाचव्या कलमाला तुम्ही गज टाकला नाही. मीही पाहिलं नाही आणि खूण केली. दोष दोघांचा आहे. पण मी नसतो त्या दिवशी बंदूक तुमच्याजवळ असते, आणि आत्या आतून ओरडते तेव्हा तुम्हाला कुणीच पाहत नसतं. म्हणून माझं मत असं, की परवाना वाढवून घेऊ नये आणि बंदूक रीतसर जमा करावी. मी रजा काढली आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी बरोबर येतो.

भाताचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचल्याचं सोंग करत नाही.

सोमवारी कंपनीत बॉयलरचा कागद सहीला आला. मी जाऊन बघतो म्हणालो. साहेबांनी आवाज चढवला. बॉयलर दोन तास थांबला, आणि आत एक झडप खरंच अडकलेली निघाली. तरी साहेब माझ्याशी बोलत नाहीत. पुढं काय होईल ते कळवीन.

आता शेवटचं. तुमचं एक कलम हाताचं आहे: हात पुढं धरायचा, वाचणाऱ्यानं पाहून लिहायचं. तुमचा उजवा हात थरथरतो. हे मला त्या रविवारी कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला वडलांबरोबर आलो होतो, तेव्हा तुम्ही मला चहा दिलात आणि तो बशीत सांडला. तुम्ही म्हणालात, कप लई भरला. मी हसलो, आणि त्याच संध्याकाळी वहीत हाताच्या कलमापुढं "स्थिर" असं लिहिलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं. त्या पानावर माझी सही आहे. ते पान कुणालाही फाडू देऊ नका. मी येईन तेव्हा त्याच्याखाली खरं काय ते माझ्या हातानं लिहीन.

आपला भाचा